पुस्तक परिचय आणि राहून गेलेलं लिंबू

शनिवारी असरची नमाज आटोपून घरी आलो तर आमचा नातू दिवाणावर मांडी घालून बसलेला. समोर चार कोरे फुलस्केप, शेजारी स्केचपेनचा डबा, हातात आईचा मोबाइल. सलाम झाला, पाणी झालं, मग हळूच विषय निघाला. तो आठवीत आहे. सोमवारी शाळेत ‘पुस्तक परिचय’ द्यायचा होता, वीस गुणांचा. बाईंची अट एवढीच की खेळावरची एक कादंबरी वाचायची आणि तिच्यावर चार पानं लिहायची.

“मजकूर तयार आहे, नाना. तुमचं अक्षर चांगलं आहे ना, तुम्ही फक्त शीर्षकं काढून द्या.”

शीर्षकं काढण्यात आमचा हातखंडा. नोकरीत होतो तेव्हा कचेरीतल्या सगळ्या पाट्या आमच्याकडूनच लिहून घेत. तेव्हा खूश होऊन आम्ही चष्मा लावला आणि मोबाइलवरचा तो तयार मजकूर वाचायला घेतला. पुस्तक होतं आर. के. नारायण यांचं ‘स्वामी अँड फ्रेंड्स’. मजकूर मोठा गुळगुळीत होता. जिद्द, चिकाटी आणि संघभावना हे तिन्ही शब्द पहिल्या परिच्छेदात दोन-दोनदा आले होते. आणि शेवटी स्वामीने अखेरच्या चेंडूवर षटकार ठोकून आपल्या संघाला जिंकून दिलं होतं.

हे पुस्तक आम्ही तरुणपणी वाचलेलं. पुढे दूरदर्शनवर शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ लागायची तेव्हा गल्लीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरी दाटीवाटीने बसून त्यातला स्वामीही पाहिला होता. बारीकसारीक बरंच विसरलो होतो. पण षटकार? तो काही केल्या आठवेना.

“पुस्तक वाचलंस का?”

“तीस पानं.”

“बाकीचं?”

त्यावर उत्तर आलं नाही. दप्तरातून पुस्तक निघालं. शाळेच्या वाचनालयाची प्रत, पाठीला सेलोटेप लावलेली. आम्ही शेवटची प्रकरणं चाळली. षटकार नव्हताच. असणार कसा? सामना होतो त्या दिवशी स्वामी मैदानावर पोहोचतच नाही. घरातून पळालेला असतो, जंगलातल्या रस्त्यावर वाट चुकतो, आणि परत येतो तोवर सामना होऊन गेलेला असतो, संघ हरलेला असतो, आणि ज्या दोस्ताला वचन दिलं होतं तो तोंड फिरवून बसलेला असतो.

“म्हणजे मोबाइल खोटं बोलला?”

खोटं असं नाही म्हणता येणार, आम्ही म्हणालो. खोटं बोलायला खरं माहीत असावं लागतं. या यंत्राने हजारो ठिकाणचं लिखाण पचवलेलं आहे. कोणत्या शब्दापुढे बहुधा कोणता शब्द येतो ते त्याला ठाऊक. खेळाची गोष्ट म्हटली की शेवटी नायक जिंकणार, हा त्याचा अंदाज. शंभरातल्या नव्वद गोष्टींत तो बरोबरही निघेल. तुझ्या नशिबी उरलेल्या दहांतली गोष्ट आली.

इथे थोडं थांबून एक सांगायला हवं. या पानावर आम्हाला येणाऱ्या पत्रांत मुलांच्या ‘प्रोजेक्ट’चा त्रागा नेहमीचा. कुणाच्या घरी रात्री अकरा वाजता थर्माकोल संपतो, कुणाची अम्मी चित्रं चिकटवता चिकटवता पेंगते, कुणी अप्पा बळवंत चौकात जाऊन तयार माहितीचे कागद आणतं आणि मुलगा ते कापून चिकटवतो. मोबाइलला शिव्या घालणं सोपं आहे. पण आपल्या कितीतरी घरांत वडील रात्री दहाला दुकान बंद करून येतात, आई उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली असते, आणि मुलाच्या हातात इंग्रजी किंवा मराठी कादंबरी असते. अशा घरात मुलाने विचारायचं कुणाला? मोबाइल निदान हाक मारल्यावर ओ तरी देतो, आणि ‘आत्ता नको, डोकं खाऊ नको’ असं म्हणत नाही. आमच्या मुलीने निदान ‘नानांकडे जा’ एवढं सांगितलं. सगळ्यांच्याच घरी रिकामटेकडे नाना नसतात.

असो. शनिवारची संध्याकाळ आणि रविवार आमच्या हातात होता. पुस्तक काही फार जाड नाही. ठरलं की एक पान त्याने मोठ्याने वाचायचं आणि एक आम्ही; अडलं की मराठीत सांगायचं. नानी स्वयंपाकघरातून ऐकणार होती. तिला इंग्रजी येत नाही, त्यामुळे प्रत्येक प्रकरणाचा मराठी गोषवारा तिला ऐकवणं भाग पडलं. नातवाच्या पुस्तक परिचयाची खरी तयारी तिथेच झाली, कारण नानीला थातूरमातूर चालत नाही. “मग त्या पोराने काय केलं?” “त्याचे अब्बा काय म्हणाले?” “पैसे कुठून आणले?” हे तिचे प्रश्न कुठल्याही बाईंच्या प्रश्नावलीपेक्षा अवघड होते.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मालगुडी हे नारायण यांनी कल्पनेतून वसवलेलं दक्षिणेतलं गाव. स्वामीनाथन हा तिथला शाळकरी पोर. अभ्यासात बेताचा, बापाला भिणारा, आजीच्या खोलीत निर्धास्त झोपणारा. मणी हा त्याचा दांडगट दोस्त. राजम नवीन आलेला, पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा, कपडे कडक, इंग्रजी सफाईदार. हे तिघं मिळून क्रिकेटचा संघ काढतात. नाव काय ठेवायचं यावर बराच खल होतो आणि अखेर ‘मालगुडी क्रिकेट क्लब’ म्हणजे एम. सी. सी. ठरतं. इंग्लंडच्या जगप्रसिद्ध एम. सी. सी.चीच अक्षरं! संघाला नाव दिलं तर सरकार कर लावील की काय, अशी या पोरांना धास्ती. मद्रासच्या खेळाच्या दुकानाला ते बॅट, चेंडू आणि स्टंप पाठवायचं पत्र लिहितात, पैसे नंतर देऊ म्हणून. दुकानाचं उत्तर येतं की रकमेचा काही भाग आधी पाठवा. त्या व्यापारी भाषेतलं एक अक्षर या कप्तान मंडळींना कळत नाही. त्यांना वाटतं, पत्र चुकून आपल्याकडे आलंय.

इथे नातू इतका हसला की पुस्तक हातातून पडलं. का, ते आम्हाला माहीत आहे. नदीपात्रात टेनिस बॉलवर खेळणाऱ्या त्यांच्या संघाने गेल्या वर्षी टी-शर्ट छापायला टाकले होते. दुकानदाराने निम्मे पैसे आधी मागितले. जमले साडेतीनशे. टी-शर्ट अजून छापले गेलेले नाहीत, पण संघाचं नाव मात्र तीनदा बदललं आहे.

मग स्वदेशीचं प्रकरण आलं. मालगुडीत नदीकाठी सभा होते, परदेशी कापडाची होळी होते, स्वामी भरात येऊन डोक्यावरची टोपी आगीत टाकतो, दुसऱ्या दिवशी शाळेच्या काचा फोडतो. घरी आल्यावर बाप सांगतो की ती टोपी खादीचीच होती. या प्रकरणाने त्याची मिशनची शाळा सुटते आणि तो बोर्ड हायस्कूलमध्ये जातो. सभेची तारीख कादंबरीत दिलेली आहे, १५ ऑगस्ट १९३०. नातवाने ती पेन्सिलीने अधोरेखित केली. “नाना, स्वातंत्र्याच्या सतरा वर्षं आधीचा पंधरा ऑगस्ट!” आम्ही हे पुस्तक वाचलं होतं, मालिका पाहिली होती, पण ही गोष्ट आमच्या नजरेतून निसटली होती. कादंबरी छापली गेली १९३५ साली, म्हणजे लेखकालाही या तारखेला पुढे काय होणार याची कल्पना असणं शक्य नव्हतं. परिचयात हे लिही, आम्ही सांगितलं. मोबाइलने हे सांगितलं नव्हतं.

बोर्ड हायस्कूलमधल्या मुलांत अकबर अली नावाचा एक मुलगा दोन-चार ओळींत येऊन जातो. तेही नाव अधोरेखित झालं. पात्रपरिचयात घालू का, असं त्याने विचारलं. दोन ओळींचं पात्र आहे, तूही दोनच शब्द लिही, असं आम्ही म्हणालो.

मगरिबनंतर लिंबाचं प्रकरण आलं.

प्रसंग साधा आहे. स्वामीला संघाच्या कामासाठी दोस्ताकडे पळायचं आहे. आजीच्या पोटात दुखतंय. ती म्हणते, बाळा, मला तेवढं एक लिंबू आणून दे. तो म्हणतो, मला वेळ नाही, आणि निघून जातो. खेळाच्या, कप्तानीच्या गप्पांत आजी विसरली जाते. पुढे एकदम आठवण येते आणि पोटात गोळा उठतो. आजी मेली तर नसेल? तो धावत घरी येतो. आजी बरी असते, लिंबू तिला कुणाकडून तरी मिळालेलं असतं. मग क्रिकेट म्हणजे काय ते हा तिला मोठ्या उत्साहाने समजावून सांगायला बसतो, आणि तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

हा गोषवारा नानीला नातवानेच सांगितला. सांगता सांगता त्याचा आवाज बसत गेला. गेल्या रमजानमध्ये रोजा सुटायला वीस मिनिटं असताना नानीने त्याला बर्फ आणायला पाठवलं होतं. हा पिशवी घेऊन गेला तो गेलाच. तरावीहनंतर मुलांचे रात्रीचे सामने चालतात, त्यांची ‘टीम पडत’ होती. चौकात कुणीतरी हाक मारली, आणि पिशवीसकट हा नदीकडे. अझान झाली, आम्ही साध्या पाण्यावर रोजा सोडला. घरात कुणी मोठा तमाशा केला नव्हता. नानी फक्त एवढंच म्हणाली होती की रूहअफजा कोमटही चांगलं लागतं.

आता नानीने पोळी लाटता लाटता विचारलं, “लिंबू आणून दिलं कुणी?”

“कुणीतरी दिलं. पुस्तकात आहे तसं.”

“मग ठीक आहे,” नानी म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “त्या हामिदने चिमटा आणला होता बघ.”

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ज्यांच्या पाठ्यपुस्तकात होती त्यांना वेगळं सांगायला नको. ईदच्या जत्रेत बरोबरची पोरं खेळणी आणि मिठाई घेतात, आणि हामिद आपल्या तीन पैशांचा लोखंडी चिमटा घेतो, कारण पोळ्या भाजताना दादी अमीनाची बोटं भाजतात. ही गोष्ट आणि स्वामीची कादंबरी, दोन्ही एकाच दशकातल्या. पण खरं सांगायचं तर, आम्ही हामिदला कधी पाहिलेलं नाही. चार-पाच वर्षांचं पोर जत्रेत खेळण्याकडे पाठ फिरवून चिमटा घेतं, हे वाचून डोळे भरून येतात खरे. पण आमच्या घरात, शेजारच्या घरात, सगळ्या कसब्यात आम्ही पाहिले ते स्वामीच. लिंबू विसरणारे, आणि मग घाबरून पळत येणारे. आम्ही स्वतःही त्यातलेच होतो. नानीपुढे हे बोललो नाही.

रविवारी सकाळी लेखकाची माहिती लिहायची होती. नारायण यांचा जन्म १९०६चा, मृत्यू २००१चा. ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही त्यांची पहिली कादंबरी. हस्तलिखित इंग्लंडमधल्या प्रकाशकांकडून परत येत होतं, तेव्हा तिकडे शिकणाऱ्या त्यांच्या एका मित्राने ते ग्रॅहॅम ग्रीन या लेखकाला दाखवलं आणि ग्रीन यांच्या शिफारशीने ते छापलं गेलं. नारायण यांनी तर मित्राला वैतागून कळवलं होतं की ते बाड दगड बांधून थेम्स नदीत बुडवून टाक. मित्राने ऐकलं नाही. नातवाला ही हकीकत फार आवडली. एका मित्राने सांगितलेलं काम केलं नाही म्हणून पुस्तक वाचलं, असं तो म्हणाला. या वाक्याची चवही मोबाइलच्या मजकुराला नव्हती.

आणि आपल्या शहराचा एक धागा यात आहे. मालगुडीच्या गोष्टींना ज्यांची रेखाटनं आहेत ते आर. के. लक्ष्मण नारायण यांचे धाकटे भाऊ. ‘कॉमन मॅन’वाले. आयुष्याची अखेरची वर्षं ते पुण्यातच राहिले आणि २६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यातच वारले. लहानपणी म्हैसूरला ते गल्लीतल्या क्रिकेट संघाचे कप्तान होते, आणि थोरल्या भावाने त्यांच्या उचापतींवरून कथाही लिहिल्या. म्हणजे मालगुडीच्या क्रिकेटमागे खरीखुरी गल्ली होती.

मग मुख्य अडचण आली. ‘कादंबरीतील खेळाचे महत्त्व’ या मुद्द्यावर एक पान भरायचं होतं. नातू म्हणाला, खेळ तर फार थोडा आहे, काय लिहू? आम्ही म्हणालो, खेळाच्या पुस्तकात धावा मोजत बसू नकोस. कप्तान कोण झाला आणि का, ते बघ. राजम कप्तान होतो तो काय सगळ्यांत चांगला खेळतो म्हणून? की त्याचे वडील मोठे अधिकारी आहेत आणि त्याचा शब्द खाली पडत नाही म्हणून? सराव कुणाचा बुडतो? स्वामीचा, कारण त्याच्या शाळेत संध्याकाळी कवायत असते आणि तिथून सुटका नाही. राजम मिशनच्या शाळेत आहे, त्याला ही अडचणच नाही. तरी बोलणी खातो स्वामी. डॉक्टरकडे जाऊन खोटं आजारपण मागतो, डॉक्टर हेडमास्तरांशी बोलतो म्हणून सांगतात आणि बोलत नाहीत. कवायत बुडवल्याबद्दल हेडमास्तर छडी उगारतात तेव्हा हा पोरगा छडी हिसकावून खिडकीबाहेर फेकतो आणि शाळेतून धूम ठोकतो. एका मैत्रीच्या सामन्यासाठी पोराचं घर सुटायची वेळ येते. एक पान कशाला, चार भरतील.

बोलता बोलता आम्हाला बाळू पालवणकर आठवले, आणि आठवले की आम्हाला राहवत नाही. १८७६ साली जन्मलेले, चर्मकार समाजातले, डावखुरे गोलंदाज. शतक बदलायच्या आधी याच पुण्यात साहेब लोकांच्या क्लबात मैदानाची निगा राखायचे, महिना चार रुपयांवर, आणि सरावाला साहेबांना गोलंदाजी करायचे. बॅट धरायची ती साहेबांनी. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतलं, कारण त्यांच्याशिवाय जिंकता येईना. मैदानात चेंडू सगळे एकाच हाताने झेलायचे, पण चहाच्या वेळी बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. १९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या संघात हिंदू होते, मुसलमान होते, पारशी होते, पतियाळाचे महाराज कप्तान होते, आणि त्या दौऱ्यात बाळूंनी शंभरावर, नेमके ११४ बळी घेतले. कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल १९२३ साली मुंबईतल्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचे कप्तान झाले.

“पण हे कादंबरीत नाही,” नातू म्हणाला.

नाही. पण टीम कोण निवडतं, हा प्रश्न मनात घेऊन वाचलंस तर कादंबरीत काय काय दिसतं बघ, असं म्हणून आम्ही गप्प बसलो. नानीने आतून सांगितलं की पोराला लिहू द्या, तुमचं भाषण पुरे.

मग शेवटचं प्रकरण. राजमच्या वडिलांची बदली होते. मणीकडून स्वामीला कळतं की तो पहाटेच्या गाडीने जाणार. सामना बुडाल्यापासून राजम स्वामीशी बोललेला नाही. स्वामी भेट म्हणून एक पुस्तक घेतो, परीकथांचं, आणि स्टेशनवर जातो. गर्दी, सामान, पोलीस, निरोप देणारी मोठी माणसं. राजम याच्याकडे पाहतही नाही. गाडी हलते. स्वामी धावतो, मणी पुस्तक खिडकीतून कसंबसं राजमच्या हातात देतो. राजमने मनापासून घेतलं की नुसतं घेतलं, तो काही बोलला की नाही, हे स्वामीला नीटसं कळत नाही. मणी समजूत घालतो. मणी खरं सांगतोय की मन राखतोय, तेही कळत नाही. संपलं.

हे पान वाचायची पाळी नातवाची होती. वाचून झाल्यावर तो बराच वेळ पुस्तकाच्या पाठीवरची सेलोटेप नखाने खरवडत बसला.

आमच्या शेजारच्या वाड्यात त्याचा एक दोस्त राहायचा. बालवाडीपासूनची जोडी. वाडा बिल्डरकडे गेला, तशी ती मंडळी मे महिन्यात कोंढव्याला राहायला गेली. कसब्यातले किती वाडे असे गेले आणि किती ओळखीची घरं कोंढव्याला गेली, याचा हिशेब आता आम्ही ठेवत नाही. आमच्या कागदीपुऱ्यात एकेकाळी हातकागद बनवणाऱ्यांची घरं होती. कागदाच्या लगद्याचा वास सांगणारी म्हातारी माणसं आम्ही लहानपणी पाहिली. आता नावच उरलंय. तर त्या दोस्ताचं जायच्या आधी एक झालं. मुलांचा मोठा सामना होता आणि कप्तान होता आमचा नातू. दोस्त सलामीचा फलंदाज. तो आलाच नाही; त्या दिवशी त्याचे वडील सगळ्यांना नवीन घर दाखवायला घेऊन गेले होते. संघ हरला. आमच्या चिरंजीवांनी बोलणं टाकलं. टेम्पो भरत होता तेव्हा दोस्ताची अम्मी वर येऊन नानीला भेटून गेली, मुलगा खाली उभा होता. आमचा हा गच्चीवर. हाका मारल्या, उतरला नाही.

म्हणजे दोन दिवस जो मुलगा स्वामीच्या बाजूने वाचत होता, तो शेवटच्या पानावर राजम निघाला.

आम्ही यावर काही बोललो नाही. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण पोरगा स्वतःहून जिथे पोहोचला तिथे आपण मागून कंदील घेऊन जाण्यात अर्थ नसतो.

“शेवटी ‘माझे मत’ लिहायचंय,” तो म्हणाला. “राजमने माफ केलं का?”

“पुस्तकात दिलेलं नाही.”

“मग काय लिहू?”

“दिलेलं नाही, असं लिही. आणि तुला काय वाटतं ते लिही.”

रात्री दहापर्यंत तो लिहीत होता. शुद्धलेखन आम्ही तपासलं, ऱ्हस्व-दीर्घाच्या नऊ-दहा चुका दाखवल्या, वाक्यांना हात लावला नाही. लावावासा वाटत होता. एका ठिकाणी त्याने लिहिलं होतं की स्वामीने आजीला लिंबू दिलं नाही हे चूक आहे, पण लेखकाने ते लपवलं नाही हे बरोबर आहे. आम्ही लिहिलं असतं तर याची सहा वाक्यं केली असती. ‘माझे मत’मध्ये त्याने लिहिलं होतं की मी राजम असतो तर पुस्तक घेतलं असतं, पण गाडी सुटेपर्यंत काही बोललो नसतो, आणि पुढच्या स्टेशनवर मला वाईट वाटलं असतं. षटकाराचा मजकूर मोबाइलमधून त्याने स्वतः पुसला. शीर्षकं आम्ही काढून दिली, तीन रंगांत, सावलीसकट. तेवढं ठरलेलंच होतं.

पंधरा दिवसांनी वही परत आली. वीसपैकी तेरा. लाल शाईत शेरा होता : ‘व्यक्तिगत मजकूर कमी हवा. शीर्षके सुंदर.’ ज्याने शेवटपर्यंत मोबाइलवरूनच उतरवून दिलं त्याला सोळा मिळाले, असं नातवाने कळवलं. त्याच्या परिचयात कोण कुठला सामना कसा जिंकलं, ते आम्ही विचारलं नाही. तेरावर नातू फार नाराज दिसला नाही. आम्ही मात्र दोन दिवस होतो. वाचनालयात पुस्तक परत करायच्या आधी त्याने पाठीला नवी सेलोटेप लावली, एवढं सांगायचं राहिलं.

आणखी एक. त्यानंतरच्या रविवारी त्याने विचारलं, कोंढव्याला कुठली बस जाते. आम्ही सांगितली. एकटाच जाणार होता, आईने आधी नको म्हटलं, मग हो म्हटलं. नानीने डब्यात शिरखुर्मा नव्हे, साधा दहीभात भरून दिला, त्या घरातल्या अम्मीला आवडतो म्हणून. आणि वीस रुपये हातावर ठेवून म्हणाली, येताना मंडईतून लिंबं आण.

मगरिबच्या सुमारास परत आला. तिकडे काय झालं ते त्याने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. डबा रिकामा होता. शर्टाला मातीचे डाग होते, म्हणजे खेळले असणार.

लिंबं विसरला होता. नानीने पायऱ्यांवरूनच त्याला परत पाठवलं.